सुलतान खान : पटावरील पाच वर्षे

इ. स. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजेच फिडेने, 'ग्रँडमास्टर' हा किताब प्रथमच अधिकृतपणे प्रदान केला. त्या पहिल्या यादीत सत्तावीस नावे होती. त्या काळी जोमाने खेळणाऱ्या खेळाडूंबरोबरच, ज्यांचा खेळ केव्हाच थांबला होता अशा काही वृद्धांचाही तीत समावेश होता. पोलंडचे अकीबा रुबिनस्टाईन यांनी १९३२ नंतर एकाही स्पर्धेत भाग घेतलेला नव्हता. बोहेमियाचे ओल्द्रीख दुरास यांची कारकीर्द तर पहिल्या महायुद्धाबरोबरच संपली होती. तरीही त्यांच्या पूर्वकर्तृत्वाचा मान राखण्यात आला, आणि तो उचितच होता.

या यादीतील रुबिनस्टाईन, टार्टाकोवर आणि फ्लोर या तिघांना ज्याने पटावर हरविले होते, तो एक खेळाडू त्या वर्षी पंजाबातील आपल्या गावाकडे शेती पाहत होता. त्याने तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले होते आणि माजी विश्वविजेता कापाब्लांका यालाही पराभूत केले होते. परंतु यादीत त्याचे नाव नव्हते. या खेळाडूचे नाव मीर सुलतान खान. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची आहे. परंतु बुद्धिबळात उपजत बुद्धीचा वाटा किती, ग्रंथज्ञानाचा किती आणि खेळाडूच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेचा किती, हा प्रश्न या पाच वर्षांच्या अभ्यासातून जितका स्पष्ट होतो, तितका तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या चरित्रातून होत असेल.

बालपण आणि पहिले धडे

सुलतान खान यांचा जन्म १९०३ मध्ये मिठा टिवाना या गावी झाला. जुन्या पुस्तकांतून १९०५ हे सालही आढळते. हे गाव आज पाकिस्तानात, पंजाब प्रांताच्या खुशाब जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील मियाँ निजामुद्दीन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते आणि बुद्धिबळाचे शौकीनही होते. मुलाला वयाच्या नवव्या वर्षी पटाची ओळख वडिलांनीच करून दिली. उत्तर हिंदुस्थानात त्या काळी बुद्धिबळ हा गावच्या बैठकीतला, हवेलीच्या ओसरीवरचा खेळ होता. तो शिकण्यासाठी पुस्तक लागत नसे. वडीलधाऱ्यांचे डाव पाहावेत, त्यांच्याशी खेळावे, हरावे आणि पुन्हा खेळावे, एवढीच त्याची शाळा. या शाळेतून तयार झालेला हा मुलगा विशीच्या सुरुवातीलाच पंजाबातील श्रेष्ठ खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला.

याच सुमारास त्यांच्यावर सर उमर हयात खान टिवाना यांची नजर गेली. सर उमर हे पंजाबातील बडे जमीनदार, सैन्यातील मानद पदाधिकारी आणि ब्रिटिश राजवटीचे विश्वासू सरदार होते. घोडे, शिकारी ससाणे आणि बुद्धिबळ हे त्यांचे छंद होते. १९२६ मध्ये त्यांनी सुलतान खान यांना आपल्या आश्रयाला आणले आणि त्यांना युरोपीय पद्धतीच्या बुद्धिबळाची ओळख करून देण्याची व्यवस्था केली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, सुलतान खान यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले. या स्पर्धेत त्यांनी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकही गमावला नाही.

एकाच पटावरचे दोन खेळ

येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सुलतान खान बालपणापासून जो खेळ खेळत आले, तो आणि युरोपात खेळला जाणारा खेळ हे पूर्णपणे एक नव्हते. पट तोच चौसष्ट घरांचा, मोहरी तीच आणि राजाला मात देण्याचे ध्येयही तेच. तथापि काही नियम निराळे होते.

युरोपीय खेळात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा असते. भारतीय खेळात प्यादे सामान्यतः एकच घर चालत असे. युरोपीय खेळात राजा आणि हत्ती यांना एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित कोपऱ्यात नेता येते. याला कॅसलिंग म्हणतात. भारतीय खेळात ही सोय नव्हती. तिच्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येत असे. युरोपीय खेळात शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा हवा तर वजीर करता येतो. भारतीय खेळात ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे, त्या मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा घोडाच व्हावयाचा. या नियमांतही प्रांताप्रांतांनुसार थोडेफार फरक होतेच.

हे फरक वरवर पाहता किरकोळ वाटतात. पण त्यांमुळे खेळाचा स्वभावच बदलतो. प्यादी एकेक घर चालत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यास वेळ लागतो. सुरुवातीच्या दहा-बारा खेळ्यांत एखादी चूक झाली तरी प्रतिपक्षाला तिचा लाभ तात्काळ उठविता येत नाही. डाव संथपणे उलगडतो आणि बंदिस्त राहतो. मोहऱ्यांना योग्य घर कोणते, कोणते प्यादे कधी पुढे सारावे आणि मोहरी कमी झाल्यावर राजाला केव्हा मैदानात उतरवावे, यांवर जय-पराजय ठरतो. युरोपीय खेळात मात्र पहिल्याच खेळीपासून पटाच्या मध्यावर झुंज सुरू होते. त्यामुळे तेथे डावाच्या प्रारंभाचे एक स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले. कोणत्या खेळीला कोणते उत्तर द्यावे, कोणत्या वाटेने गेल्यास कोणता सापळा लागतो, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ग्रंथांत नोंदले गेले. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा देशांतील उदयोन्मुख खेळाडू हे ग्रंथ वाचूनच मैदानात उतरत.

सुलतान खान यांच्या खेळातील सामर्थ्य आणि उणीव या दोहोंचे मूळ या भेदात सापडते. डावाच्या मध्यात आणि अखेरीस ते जगातील कोणत्याही खेळाडूच्या बरोबरीचे होते. प्रारंभात मात्र ते पुस्तकी विद्येने सज्ज असलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर जवळजवळ निःशस्त्र असत. कित्येकदा त्यांना पहिल्या पंधरा खेळ्यांत आलेली अडचण पुढच्या पन्नास खेळ्यांत चिकाटीने निस्तरावी लागे.

लंडनमध्ये आगमन

१९२९ च्या वसंत ऋतूत सर उमर हयात खान राजकीय कामकाजासाठी लंडनला गेले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही गेले. तेथे त्यांच्या सरावासाठी एक लहानशी स्पर्धा योजण्यात आली. तीत ते तळाच्या क्रमांकावर राहिले. प्रारंभाच्या शास्त्राचे अज्ञान या स्पर्धेत उघडे पडले. तेव्हा विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन नामांकित इंग्रज खेळाडूंनी त्यांना काही दिवस मार्गदर्शन केले. तयारीला मिळालेला अवधी फारच थोडा होता.

त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. साम्राज्यातील प्रजाजन म्हणून सुलतान खान तीत भाग घेण्यास पात्र होते. ज्या खेळाडूने काही आठवड्यांपूर्वी सरावाच्या स्पर्धेत तळ गाठला होता, तो आता ब्रिटनचा अजिंक्यवीर ठरला. या यशाने इंग्लंडमधील बुद्धिबळाचे जाणकार आश्चर्यचकित झाले. त्यानंतर सुलतान खान काही महिन्यांसाठी मायदेशी परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपात आले. त्यांच्या कारकीर्दीचा खरा बहर येथून सुरू होतो.

येथे आणखी एका अडचणीची नोंद घेतली पाहिजे. पंजाबच्या हवेत वाढलेल्या या माणसाला इंग्लंडची थंडी आणि ओल मानवली नाही. हिवतापाचा त्रास आणि घशाचे दुखणे त्यांना वारंवार होत असे. गळ्याभोवती कापड गुंडाळून पटासमोर बसलेल्या सुलतान खान यांचे वर्णन समकालीनांनी केलेले आहे. ते मितभाषी होते. चेहऱ्यावर जय-पराजयाची खूण उमटू न देता ते तासन्‌तास शांतपणे बसून राहत.

कापाब्लांकाशी झालेला डाव

हेस्टिंग्ज येथे नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास दरवर्षी भरणारी स्पर्धा बुद्धिबळाच्या जगात मानाची समजली जाते. १९३०-३१ च्या स्पर्धेत क्यूबाचे होसे राऊल कापाब्लांका सहभागी झाले होते. ते १९२१ पासून १९२७ पर्यंत विश्वविजेते होते. १९१६ पासून १९२४ पर्यंत त्यांनी स्पर्धेतील एकही डाव गमावला नव्हता. त्यांना हरविणे ही गोष्ट किती दुर्मिळ होती, याची कल्पना यावरून यावी.

सुलतान खान या डावात पांढरी मोहरी घेऊन खेळले. पाचव्या खेळीत त्यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे एक घर पुढे सारले. प्यादे एकेक घर चालविणाऱ्या भारतीय खेळाडूची ही जुनी सवय असावी, असे तेव्हा कोणी मानले असते तर नवल नव्हते. परंतु या खेळीला निश्चित अर्थ आहे. प्रतिपक्षाच्या उंटाला पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडून ठेवता येऊ नये, अशी तरतूद तीमुळे होते. पुढे याच कल्पनेवर टिग्रान पेट्रोशियन आणि गॅरी कास्पारोव्ह या दोन विश्वविजेत्यांनी आपली शस्त्रे परजली आणि आज प्रारंभशास्त्राच्या ग्रंथांत ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या खेळाडूला प्रारंभ कळत नाही असे म्हटले जाई, त्याची खेळी अशा रीतीने पन्नास वर्षांनंतर शास्त्रात जाऊन बसली.

डावाच्या मध्यात कापाब्लांका यांनी दोन्ही हत्ती पांढऱ्या राजाच्या गोटात घुसविले आणि त्यांच्या मोबदल्यात वजीर जिंकला. वजीर हे पटावरील सर्वांत बलवान मोहरे असल्यामुळे सामान्य प्रेक्षकाला काळ्याचे पारडे जड वाटले असते. वस्तुस्थिती वेगळी होती. पट बंदिस्त होता. वजिराचे बळ मोकळ्या वाटांवर चालते, आणि येथे तशा वाटाच उरल्या नव्हत्या. काळा वजीर एकटाच पांढऱ्या प्याद्यांमध्ये शिरला आणि तेथे त्याची कोंडी होऊ लागताच त्याला माघार घ्यावी लागली. काळ्याचा उंट आपल्याच प्याद्यांच्या आड अडकून पडला होता. पांढऱ्याकडे मात्र परस्परांना साह्य करणारे दोन हत्ती आणि दोन उंट होते. पांढऱ्या राजाने कॅसलिंग केलेच नव्हते. तो पटाच्या मध्याजवळच निर्धास्तपणे उभा होता. त्यानंतर सुलतान खान यांनी घाई केली नाही. त्यांनी एकेक घर ताब्यात घेतले, एकेक वाट बुजविली आणि हत्तींना हळूहळू आत आणले. पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांका यांनी हार मान्य केली.

या डावाचा धडा साधा आणि मोलाचा आहे. मोहऱ्याची किंमत त्याच्या नावात नसते, तर ते उभे आहे त्या घरावर आणि त्याला मिळणाऱ्या वाटांवर असते. भारतीय पद्धतीच्या संथ, बंदिस्त डावांत वाढलेल्या खेळाडूला हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नाही. एरवी जी त्याची उणीव मानली जाई, तीच त्या दिवशी त्याची शक्ती ठरली.

या स्पर्धेत हॉलंडचे मॅक्स यूव पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. पुढे कापाब्लांका यांनी या प्रतिस्पर्ध्याविषयी लिहिताना, अशा प्रतिकूल परिस्थितीतून अजिंक्यपदापर्यंत पोचणाऱ्या बुद्धीला असामान्य प्रतिभाच म्हणावे लागेल, अशा आशयाचे उद्गार काढले.

यशाची वर्षे

१९३० पासून १९३३ पर्यंतचा काळ हा सुलतान खान यांच्या कर्तृत्वाचा मध्याह्न होय. १९३० मध्ये बेल्जियममधील लीएज येथे त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. पहिले आले साव्हिएली टार्टाकोवर. लगेच १९३१ च्या आरंभी याच टार्टाकोवर यांच्याशी त्यांचा बारा डावांचा सामना झाला. तो सुलतान खान यांनी साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला. टार्टाकोवर हे प्रारंभशास्त्रातील निष्णात पंडित आणि नामांकित ग्रंथकार होते. ग्रंथकर्त्यावर ग्रंथ न वाचलेल्याने मिळविलेला हा विजय होता. पुढल्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाच्या तरुण सालो फ्लोर यांच्याशी झालेला सहा डावांचा सामना मात्र त्यांनी अडीच विरुद्ध साडेतीन अशा निसटत्या फरकाने गमावला.

राष्ट्रांच्या सांघिक स्पर्धेत, म्हणजे ऑलिंपियाडमध्ये, त्यांनी इंग्लंडच्या संघातून तीनदा भाग घेतला आणि तिन्ही वेळा ते पहिल्या पटावर खेळले. संघातील पहिल्या पटावरच्या खेळाडूला प्रत्येक देशाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूशी झुंजावे लागते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९३० मध्ये हँबुर्ग येथे त्यांनी नऊ डाव जिंकले, चार बरोबरीत सोडविले आणि चार गमावले. १९३१ मध्ये प्राग येथे त्यांनी आठ डाव जिंकले, सात बरोबरीत सोडविले आणि केवळ दोन गमावले. रुबिनस्टाईन आणि फ्लोर यांच्यावरील विजय याच स्पर्धेतले. तत्कालीन विश्वविजेते अलेक्झांडर अलेखिन यांच्याशीही त्यांनी तेथे बरोबरी साधली. १९३३ मध्ये फोकस्टन येथे त्यांचे चार विजय, सहा बरोबरी आणि चार पराजय झाले.

१९३२ मध्ये लंडन येथील मोठ्या स्पर्धेत अलेखिन पहिले आणि फ्लोर दुसरे आले. तिसरा क्रमांक सुलतान खान आणि अमेरिकेचे आयझॅक कॅशडन यांनी विभागून घेतला. १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे सुलतान खान पुन्हा ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. १९३३ च्या स्पर्धेत आणखी एक लक्षणीय गोष्ट घडली. सर उमर यांच्याच परिवारातील मिस फातिमा या तरुणीने त्या वर्षीचे ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. एकाच घरातील दोन भारतीयांनी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे एकाच वर्षी मिळवावीत, ही घटना बुद्धिबळाच्या इतिहासात अपूर्व होती. पुढे मात्र मिस फातिमा यांचे नाव स्पर्धांच्या जगातून लवकरच दिसेनासे झाले.

उत्तरकाळातील संख्याशास्त्रज्ञांनी जुन्या स्पर्धांच्या निकालांवरून त्या काळातील खेळाडूंचे मानांकन काढण्याचा प्रयत्न केला आहे. त्यानुसार सुलतान खान हे या वर्षांत जगातील पहिल्या दहा खेळाडूंत मोडतात.

आश्रय आणि अवलंबन

सुलतान खान यांच्या लंडनमधील स्थानाविषयी पाश्चात्त्य लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाईन यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. १९३३ मध्ये अमेरिकेच्या संघाला सर उमर यांच्या लंडनमधील निवासस्थानी भोजनाचे निमंत्रण होते. ज्यांना पाहुणे ब्रिटनचा अजिंक्यवीर म्हणून ओळखत होते, ते सुलतान खान त्या प्रसंगी वाढप्याचे काम करीत असल्याचे पाहून सर्वजण अवघडून गेले, असे फाईन सांगतात. या व अशा आठवणींवरून सुलतान खान हे निरक्षर सेवक होते, असे चित्र अनेक पुस्तकांतून रंगविले गेले.

हे चित्र त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडच्या काळात ठामपणे नाकारले आहे. सुलतान खान हे प्रतिष्ठित, जमीनजुमला असलेल्या घराण्यातील होते आणि त्यांना निरक्षर म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. वसाहतीतून आलेल्या माणसाविषयी लिहिताना राज्यकर्त्यांच्या समाजातील लेखकाची नजर नकळत ठरावीक साचा शोधते. अडाणी, गूढ, दैवी देणगी लाभलेला पौर्वात्य हा असाच एक साचा होय. मोठ्या माणसाच्या घरी आलेल्या पाहुण्यांना घरच्यांनी स्वतः वाढणे याचा पंजाबातील अर्थ एक असू शकतो आणि न्यूयॉर्कहून आलेल्या पाहुण्याने लावलेला अर्थ दुसरा असू शकतो. म्हणून अभ्यासकाने अशा आठवणी वाचताना सावधगिरी बाळगणे इष्ट होय.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. सुलतान खान यांचे युरोपातील वास्तव्य, प्रवास आणि स्पर्धांतील सहभाग हे सर्व एका व्यक्तीच्या इच्छेवर आणि सोयीवर अवलंबून होते. सर उमर लंडनला आले म्हणून सुलतान खान आले. १९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि सुलतान खान यांनाही परतावे लागले. त्या वेळी ते अवघे तीस वर्षांचे होते. बुद्धिबळात या वयाला खेळाडूची परिपक्वता येते. त्यांच्या कारकीर्दीचा प्रारंभ आणि तिची समाप्ती ही दोन्ही पटाबाहेरच ठरली.

मायदेशी

परतल्यानंतरच्या काळातील त्यांची एक लढत महाराष्ट्रातील बुद्धिबळप्रेमींना आपलीशी वाटेल. १९३५ मध्ये त्यांचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर हे त्या काळातील भारताचे नामवंत खेळाडू होते. या सामन्यात त्यांना केवळ एक डाव बरोबरीत सोडविता आला. उरलेले नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले. हा निकाल खाडिलकर यांच्या दौर्बल्याचा पुरावा मानणे अन्यायाचे होईल. युरोपातील चार वर्षांच्या अनुभवाने सुलतान खान यांच्यात आणि देशातील इतर उत्तम खेळाडूंत किती अंतर पडले होते, एवढेच त्यावरून दिसते. ज्याच्याशी खेळून आपला खेळ वाढेल असा प्रतिस्पर्धी त्यांना आता मायदेशात सापडणे कठीण होते.

त्यानंतर ते स्पर्धात्मक बुद्धिबळापासून दूर गेले. १९४४ मध्ये सर उमर हयात खान यांचे निधन झाले. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सुलतान खान यांचे गाव पाकिस्तानात गेले. ते शेतीवाडी आणि संसार यांत रमले. आपल्या मुलांनी बुद्धिबळाच्या मागे न लागता आयुष्यात अधिक उपयुक्त असे काही करावे, असे ते सांगत, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. त्यात कडवटपणा होता की शेतकऱ्याचा व्यवहारीपणा, हे ठरविण्याचे कारण नाही. ज्या खेळाने त्यांना जगाच्या शिखराजवळ नेले, त्या खेळाने त्यांना चरितार्थाचे साधन मात्र दिले नव्हते, हे सत्य त्या उपदेशामागे आहेच. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

उशिरा मिळालेला किताब

१९५० च्या यादीत सुलतान खान यांचे नाव का नव्हते, याची कारणे त्यांच्या खेळात शोधून सापडत नाहीत. ती अन्यत्र शोधावी लागतात. ज्या इंग्लंडच्या संघातून ते खेळले, तो देश त्यांचा नव्हता. ज्या अखंड हिंदुस्थानात ते जन्मले, तो देश उरला नव्हता. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापनाच १९५१ मधील. आणि तोवर सुलतान खान भारताचे नागरिकही राहिले नव्हते. सतरा वर्षे ते युरोपातील कोणत्याही स्पर्धेत दिसले नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारी, त्यांचे डाव आणि निकाल पुढे मांडणारी संस्था कोठेच नव्हती. रुबिनस्टाईन आणि दुरास हेही खेळापासून दूर गेलेले होते. परंतु ते ज्या जगात वावरले, त्या जगाच्या स्मरणात त्यांचे स्थान पक्के होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी पाकिस्तानच्या भेटीत तो जाहीरपणे प्रदान केला. अशा रीतीने पाकिस्तानला पहिला ग्रँडमास्टर लाभला, तो आपल्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. किताबाने त्यांच्या डावांत काही भर पडली नाही; कापाब्लांकाविरुद्धच्या पासष्ट खेळ्या १९३० च्या दशकात जितक्या मोलाच्या होत्या, तितक्याच त्या आजही आहेत. परंतु एका जुन्या हिशेबातील राहून गेलेली नोंद त्यामुळे पुरी झाली.

भारतात याच सुमारास अगदी वेगळे दृश्य दिसत होते. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद हे भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले आणि २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. या दोन घटनांच्या दरम्यान गावोगावच्या स्पर्धा, शिक्षक, पुस्तके, संगणक, नोकरीची हमी देणाऱ्या संस्था आणि परदेशी प्रवासाला मिळणारे साह्य यांचे जाळे उभे राहिले होते. आजचा दहा वर्षांचा मुलगा प्रारंभाचे जे ज्ञान सहज मिळवितो, ते सुलतान खान यांना अजिंक्यपद जिंकल्यानंतरही पूर्णपणे मिळाले नव्हते. तो मुलगा कोणा सरदाराच्या परतीच्या प्रवासाबरोबर आपला खेळ गुंडाळून ठेवीत नाही.

सुलतान खान यांच्या चरित्रातून निघणारा निष्कर्ष असा : पटासमोर बसल्यावर खेळाडूच्या मदतीला त्याची बुद्धीच येते, आणि ती कोठेही, मिठा टिवानासारख्या लहानशा गावातही, जन्म घेऊ शकते. परंतु त्या पटापर्यंत पोचणे, तेथे टिकून राहणे आणि उठून गेल्यावरही स्मरणात राहणे, या गोष्टी एकट्याच्या बुद्धीने साधत नाहीत. त्यांसाठी समाजाने काही व्यवस्था उभारावी लागते. ती व्यवस्था नसताना एका माणसाने पाच वर्षांत काय करून दाखविले, हे त्याच्या डावांत लिहिलेले आहे. ती असती तर त्याने आणखी काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पटावर मिळणार नाही.